पायडल मारतंय कोण?

मित्रांनो, मी एक जुनी जोडसायकल आहे. आमच्या इंग्लंडात मला टँडम म्हणतात. दोन सीट, दोन हँडलं, चार पायडलं, आणि चाकं मात्र दोनच. पुढचा माणूस मला वळवतो आणि ब्रेक लावतो. मागच्याचं हँडल नुसतं धरायला असतं. माझ्या डाव्या अंगाची चेन पुढची पायडलं मागच्या पायडलांना जोडते. उजव्या अंगाची चेन मागच्या पायडलांपासून चाकाकडे जाते. त्यामुळे दोघांचे पाय एकदमच फिरतात. त्यांतला जोर कोण लावतंय आणि नुसते पाय कोण फिरवतंय, हे बघणाऱ्याला कधीच कळत नाही. ते कळतं फक्त मला. एवढं जरा ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्यावरच उभी आहे.

माझा जन्म श्रॉपशरमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. दुसरं महायुद्ध संपलं होतं, पण साखर अजून रेशनवर होती. मला गर्द हिरवा रंग दिला गेला आणि त्यावर हातानं सोनेरी रेघ ओढली गेली. ती रेघ ओढताना रंगारी श्वास रोखून धरायचा. मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा फारच भाव खात होते, हे कबूल करायला हवं.

मला घ्यायला क्लेम ट्रँटर आला. रेल्वेच्या मालधक्क्यावरचा उंच, लाजाळू कारकून. त्याच्याबरोबर त्याची ठरलेली बायको म्युरिअल होती. ती शाळेत गणित शिकवायची.

"अंगठी घेऊ या की सायकल? दोन्ही काही जमणार नाही," क्लेम म्हणाला.

"अंगठीवर बसून टेकडीपलीकडे जाता येतं का?" म्युरिअलनं विचारलं.

झालं. माझी खरेदी झाली. लग्नात म्युरिअलच्या बोटात मावशीची जुनी अंगठी होती आणि चर्चच्या दारात मी उभी होते, दोन्ही हँडलांना फुलं बांधून.

काय दिवस होते ते! शनिवार उजाडला की आम्ही निघायचो. घाई कशाचीच नसायची. दोन्ही बाजूंनी उंच झुडपांची कुंपणं आणि मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. वळणावर घंटी वाजवायची. शेताचं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. पाऊस आला तर चर्चच्या ओसरीत उभं राहून थर्मासमधला चहा प्यायचा आणि काकडीचं सँडविच खायचं. पाऊस थांबला नाही तर आणखी एक सँडविच खायचं. काळ्या बेरी दिसल्या की हात जांभळे होईपर्यंत तोडायच्या. मी अशा वेळी कुंपणाला टेकून ऊन खात असायचे. मला तर वाटायचं, देवानं चाकाचा शोध त्यासाठीच लावून घेतला.

एक गोष्ट मात्र प्रत्येक गावात ठरलेली. आम्ही दिसलो रे दिसलो की कोणीतरी हमखास ओरडायचंच, "अहो, मागच्या बाई पायडलच मारत नाहीत!" आमच्याकडे अशा विनोदाला हसायचं असतं, आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचं असतं. क्लेम टोपीला हात लावून हसायचा. म्युरिअलही हसायची. हॉपली गावचा खाटीक ग्विलियम तर दुकानातून खास बाहेर यायचा. "क्लेम, लेका, तू ओढतोयस आणि बाईसाहेब आयत्या पिठावर रेघोट्या ओढतायत!" त्याच्या या विनोदाचे केस पिकले, तरी त्याचा उत्साह काही कमी झाला नाही.

मग मुलगी झाली, रोझलिंड. नंतर मोटार आली. मी कोळशाच्या खोलीत गेले. माझ्या अंगावर शिडी, रंगाचे डबे आणि फाटकी पोती चढली. सोनेरी रेघ गंजाखाली गेली. सीटखालच्या पिशवीत एका चिमुकल्या पाखरानं घरटं केलं, तीच काय ती सोबत. दरवर्षी पिलं उडायला शिकून निघून जायची आणि मी मात्र तिथेच. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

बऱ्याच वर्षांनी एका वसंतात दार उघडलं. क्लेमचे केस पांढरे झाले होते. मागे म्युरिअल उभी होती, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, चाचपडत होती. तिचे डोळे हळूहळू गेले होते. उजेड आणि सावली, एवढंच तिला दिसायचं. तिचा हात माझ्या मागच्या सीटला लागला आणि ती एकदम हसली. "ही अजून आहे?"

क्लेमनं मला घासलं, पुसलं, तेल पाजलं, नवे टायर घातले. पुन्हा आमचे शनिवार सुरू झाले. आता क्लेम वळवायचा आणि बोलायचा. लाजाळू क्लेम आता रेडिओसारखा बोलायचा!

"डावीकडे मेंढ्या. एकीचं तोंड थेट तुझ्या मावशीसारखं."

"आणि टोपी?"

"टोपी नाही, पण तोरा तोच. आता खाली नदी. पुलावर दोन पोरं पाय सोडून बसलीत. पुढे पिवळं शेत आहे, अगदी डोळ्यांत घुसेल एवढं पिवळं."

"घुसू दे," म्युरिअल म्हणायची.

त्या आनंदात एक गोष्ट मला कळली. चढ आला की पुढच्या पायडलांवरचा जोर नाहीसा व्हायचा. क्लेमचा उजवा गुडघा कामातून गेला होता. त्याचे पाय नुसते फिरायचे. ते बायकोला कळू नये म्हणून तो मोठमोठ्यानं धापा टाकायचा! सगळा चढ म्युरिअल चढवायची, ओठ घट्ट मिटून, हूं की चूं न करता. तिला ते कळलं होतं. पण नवऱ्याचा मान जाऊ नये म्हणून ती बोलली नाही.

आणि त्या धापाच आमच्या मुळावर आल्या. रोझलिंड सुट्टीला घरी आली होती. तिनं वडलांना चढावर धापा टाकताना पाहिलं आणि स्वयंपाकघरात विषय काढला. मी उघड्या दाराशी टेकून होते.

"बाबा, या वयात आईला ओढत टेकड्या चढायच्या? एक दिवस तुमचा जीव जाईल. आई, तूच सांग ना त्यांना."

म्युरिअलनं फक्त 'चढ मीच चढवते' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ती म्हणाली, "त्याला बरं वाटेल तसं करू."

क्लेमला वाटलं, हीच दमली असेल. तो म्हणाला, "नाही, नाही, तुला बरं वाटेल तसं."

"माझं काही नाही रे."

"माझंही काही नाही."

असं एकमेकांचं मन राखता राखता त्यांनी मला देऊन टाकायचं ठरवलं. दोघांनाही ते नको होतं. आमच्याकडच्या माणसांचं सौजन्य कधीकधी असं जिवावर उठतं.

हॉपलीच्या हिरवळीवर उन्हाळ्याची जत्रा भरते. तिथल्या जुन्या सामानाच्या टेबलावर मी जाणार होते. घेणारं गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. तिथल्या पबवाल्या प्रॉसरबाईंना मी दारात टांगायला हवी होते, दोन्ही सीटवर फुलांच्या कुंड्या ठेवून. मित्रांनो, फुलं मलाही आवडतात. पण जिच्या चाकांना वाटा पाठ आहेत, तिनं भिंतीला लटकून गोगलगायी मोजायच्या? आणि म्युरिअल? तिला मेंढ्या कोण दाखवणार होतं?

शेवटचं म्हणून दोघं माझ्यावरच बसून जत्रेला निघाली. क्लेम वाटेत फारसं बोलला नाही. म्युरिअलनंही काही विचारलं नाही. हॉपलीचा चढ खडा आहे आणि हिरवळ त्याच्या माथ्यावर आहे. वर सगळं गाव जमलं होतं. रोझलिंड केकच्या टेबलाशी उभी होती.

आता देऊनच टाकायची म्हणून क्लेमनं माझी डावी चेन बरेच दिवस ताणली नव्हती. ती सैल पडली होती. अर्ध्या चढावर एक खड्डा आला, मी उसळले आणि चेन पडली. डावीच! पुढची पायडलं सुटी झाली. क्लेमचे पाय एकदम भिंगरीसारखे फिरले, मग हवेत लोंबकळू लागले.

आणि मी? मी चढतच राहिले!

"म्युरिअल, थांब! चेन पडलीय!"

"तुझी पडलीय. माझी शाबूत आहे," म्युरिअल म्हणाली. "हँडल सरळ धर."

हिरवळीवरच्या बँडवाल्यानं पिपाणी खाली केली. पुढे पाय लोंबकळणारे आजोबा, मागे लालबुंद झालेल्या आजी, आणि आम्ही वर, वर, थेट माथ्यावर! मग ग्विलियम खाटकाला कंठ फुटला.

"क्लेम, लेका! मग इतकी वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतं कोण?"

सगळी हिरवळ हसली. क्लेमचे कान लाल झाले. तो उतरला आणि म्युरिअलकडे वळला.

"गुडघा गेलाय गं माझा. तुला कळू नये म्हणून..."

"पहिल्याच चढाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू घरी बसला असतास. मग मला सगळं दाखवलं कोणी असतं? पाय आहेत मला, क्लेम. डोळे तेवढे तू आणतोस."

रोझलिंड केक तसाच टाकून धावत आली होती. ती रडत होती आणि हसतही होती. "आई, अगं एक शब्द तरी बोलायचास!"

प्रॉसरबाई कुंड्या घेऊनच उभ्या होत्या. क्लेमनं टोपी काढली आणि तो म्हणाला, "माफ करा हं बाई, पण ही रिकामी नाही." मग गुडघ्यावर न बसता, वाकून, त्यानं माझी चेन चढवली आणि नीट ताणली. परतीच्या वाटेवर त्याचं तोंड एक क्षणही बंद नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी शिडीखाली एखादी जुनी सायकल असेल. तिला पुसा, तेल घाला, चेन ताणून ठेवा. आणि कुणाच्या जिवावर चढ चढत असाल, तर ते मोठ्यानं सांगून टाका. मनात ठेवलेलं कौतुक गंजतं, हे गंजलेल्या माझ्याइतकं कुणाला कळणार?

आम्ही अजून शनिवारी निघतो. अजूनही प्रत्येक गावात कोणीतरी ओरडतंच, "मागच्या बाई पायडलच मारत नाहीत!" क्लेम टोपीला हात लावतो, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडतो, "चुकलात! मागचीच मारते! मी नुसता बघायला बसलोय!"