उजवी पाकळी आणि डावी नळी

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. आचऱ्याला भिकाजींच्या माजघरात खुंटीवर असते. गोड बोलणारा माणूस आणि सहज बसणारे काडतूस, दोघांवरही माझा भरवसा नाही. का, ते सांगते.

माझ्या दोन्ही नळ्या लोखंडाच्या पट्ट्या तापवून, वेणीसारख्या पिळून घडवल्या आहेत. भिकाजींच्या आजोबांनी मला आणले तेव्हा काळ्या, धुराच्या दारूचा जमाना होता. ती दारू धक्का बेताने देई. कितीतरी वर्षे मी भाताची राखण केली. पालखी निघाली की मानाचा बार माझाच. आजोबा मला खोबरेल लावून पुसत. भिकाजींच्या हाती आले आणि तेल सणापुरते उरले.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात रानडुकराने पिकलेला मळा नासवला. मुंबईच्या पाहुण्याने दिलेली नवी काडतुसे घरात होती, बिनधुराच्या जोरकस दारूची. भिकाजींनी एक घालून पाहिले. बिनबोभाट बसले. मला तेच खटकले. त्याचे तोंड आत मुडपलेले होते. बार उडताच ते उलगडून लांबणार, आणि माझे काडतुसाचे घर तर आखूड; तोंड अडले की सगळा दाब नळीवर येणार. पण मला कोण विचारतो?

भिकाजी देवळात कौल लावायला गेले. गुरवाने देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार.

घरी थोरली बहीण, यशोदाअक्का, सोमवारच्या उपासाने जपाला बसली होती.

“देवान कौल दिल्यान,” भिकाजी म्हणाले.

“काय इचारलंस?”

“डुकराक मारू काय म्हणान.”

“मगे तो डुकराचो कौल. काडतुसाचा खंय इचारलंस?”

“तुका बंदुकीतला काय कळता गो? तू आपली माळ ओढ.”

“ओढतंय. तू सुतळी ओढ. बंदूक झाडाक बांध नि लांबसून उडव. तवसर मी पाण्याचो घोट घेवचंय नाय.”

व्रतस्थ बहिणीचा शब्द मोडवेना. भिकाजींनी दोन्ही नळ्यांत नवी काडतुसे घालून मला काजूच्या बुंध्याला बांधले आणि चिरे रचलेल्या कुंपणाच्या गडग्याआड अक्काशेजारी बसून उजव्या चापाची सुतळी ओढली. उजवी नळी झकास उडाली.

“बघलंस? कौल खोटो पडता?”

“डावी आसा अजून,” अक्का हळूच म्हणाली.

हसत हसत त्यांनी दुसरी सुतळी ओढली. या खेपेस आवाज निराळा आला. माझी डावी नळी काडतुसाच्या घराच्या जरा पुढे फाटली, वेणी सुटावी तशी.

भिकाजी जवळ आले. बार काढताना जिथे धरायचे तिथे त्यांनी आपला डावा पंजा ठेवला. भेग बरोबर त्याच्याखाली होती. चारही बोटे तिच्यात मावली.

“चल,” अक्का म्हणाली, “माका पाणी दी.”

मित्रांनो, नवे काडतूस जुन्या बंदुकीत बसले म्हणून ते तिचे होत नाही. एक बार नीट गेला म्हणून दुसरा जाईलच असेही नाही. आधी जाणत्या कारागिराकडून काडतुसाचे घर मोजून घ्या, नळ्या तपासून घ्या. ती कोणत्या दारूसाठी घडली, ते विचारा. देव उत्तर देतो, पण प्रश्न आपणच नीट विचारावा लागतो.

माझ्यात आता काडतूस घालत नाहीत. दर सोमवारी अक्का मला खोबरेल लावते. त्या भेगेला मात्र भिकाजी स्वतः लावतात, डाव्या हाताने.