मशीन काढू नका

फोन विकत घेणाऱ्या माणसाला फोनबद्दल विचारलं, की तो फोन सोडून बाकी सगळं सांगतो. त्या ऑफिसात हे सगळ्यांना पाठ झालं होतं. काम तसं साधं. कंपनीचा घरगुती कॉर्डलेस, सोबत कोणी घरी नसलं तर निरोप टेप करून ठेवणारं मशीन. ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्यांना फोन लावायचा आणि विचारायचं, कसा वाटतो? आवाज नीट येतो का? मशीन वापरता का? की झालं सुरू! एका काकूंचा हँडसेट पिठाच्या डब्यात सापडला होता आणि तो तिथे गेलाच कसा, याचा जाब त्या कंपनीला विचारत होत्या. एका गृहस्थांची बहीण त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती, कारण मशीन त्यांच्याच आवाजात सांगायचं, आम्ही घरी नाही. "घरी नाहीस तर बोलतोय कोण, तुझं भूत?" असं म्हणून तिने जो फोन आपटला तो आपटलाच.

असल्या मतांचा ढीग उपसून त्यातून काहीतरी अर्थ काढायचं काम ताईंचं. विभागातल्या सगळ्यात जुन्या म्हणून त्या सगळ्यांच्या ताई. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणायचे. आज त्यांच्या शब्दाला फारच वजन आलं होतं. नव्या फोनमध्ये मशीन ठेवायचं की काढून टाकायचं, हे आजच्या बैठकीत ठरणार होतं आणि ताईंनी स्वच्छ लिहून दिलं होतं, काढा. लोकांना मशीनशी बोलायची लाज वाटते, घसा खाकरतात आणि ठेवून देतात. नसती अडगळ.

"तुम्हाला काय हो मशीनचं," शेजारच्या टेबलावरच्या वहिनी बैठकीच्या खोलीत शिरता शिरता म्हणाल्या, "तुम्ही आपल्या वडिलांशी रोज प्रत्यक्ष बोलता. आमची कार्टी बघा, महिनोन्‌महिने आवाज नाही. नशीबवान आहेत हो तुमचे आप्पा."

वहिनी हे दर दोन दिवसांनी म्हणायच्या आणि ताई दर वेळी "चालायचंच" म्हणून हसायच्या. आई गेल्यापासून आप्पा दुसऱ्या गावी एकटेच राहत होते. ताईंनी त्यांना कंपनीचाच फोन नेऊन दिला होता. संध्याकाळचा चहा झाला की ताई टेबलावरून फोन लावायच्या, मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची पाठदुखी, डब्यात काय होतं, सगळं सांगायच्या आणि शेवटी, "गॅस बंद केलात ना आप्पा? बरं, ठेवते." अख्ख्या विभागाला त्या एका वाक्याचं कौतुक होतं.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. त्या वेळी आप्पा घरात नसायचे. ती त्यांची फिरायला जायची वेळ होती, आणि ताईंना ते चांगलं ठाऊक होतं. रोज बोलायच्या त्या मशीनशी! पहिल्यांदा चुकून झालं. आई गेल्यानंतरचे ते दिवस. फोन लावला की आप्पा सोडायचेच नाहीत. तेच हॉस्पिटल, तोच डॉक्टर, "मी जरा लवकर नेलं असतं तर गं?" ताई समजूत घालून घालून थकायच्या, फोन ठेवायला निघाल्या की आप्पांना आणखी एक आठवायचं. आणि मग एके दिवशी आप्पा बाहेर होते, मशीनने उचललं, ताईंनी हवं ते सांगितलं आणि मशीन काहीच म्हणालं नाही. काय सुटल्यासारखं वाटलं त्यांना! दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळ तीच धरली. रोज फोन करणारी मुलगी म्हणून ऑफिसात नाव झालं, सासरी झालं, नातेवाइकांत झालं. आणि हळूहळू ताईंनाही ते खरंच वाटायला लागलं. माणसाचं मन मोठं सोयीस्कर असतं, दुसरं काय!

साहेबांचा एक हट्ट होता. निर्णयाआधी चार-दोन मतं सगळ्यांना ऐकवायची, ग्राहकाच्याच आवाजात. नाव-गाव कापलेलं, नुसता आवाज. आजची मतं पलीकडच्या खोलीतल्या मिशीवाल्याने आणली होती. पहिल्या बाई बॅटरीवर घसरल्या. दुसऱ्या गृहस्थांनी मशीनला "चोंबडं" म्हटलं. सगळे हसले, ताईंनी मान डोलावली. त्यांच्या बाजूनेच चाललं होतं सगळं.

"आता हे ऐका," मिशीवाला म्हणाला. "आजोबा आहेत. झकास बोलतात."

आणि खोलीत आप्पांचा आवाज आला.

"फोन ना? उत्तम आहे. हँडसेट जरा निसटतो हातातून, पण तो दोष माझ्या हाताचा."

घरच्या माणसांना मत विचारायचं नाही, असा नियम होता. पण फोन आप्पांच्या नावावर, आडनाव ताईंच्या माहेरचं. मिशीवाल्याला कुठून कळणार? थांबवा, म्हणावं असं ताईंना वाटलं. पण काय सांगून थांबवायचं?

"आणि मशीन? वापरता का?" मिशीवाल्याने विचारलं होतं.

"अहो, मशीनसाठीच तर फोन आहे! माझी मुलगी रोज बोलते त्याच्यावर. मोठी गुणी. रोज न चुकता, मी फिरायला गेलो की."

"गेल्यावर?"

"हां, गेल्यावरच. मला आधी वाटायचं, बिचारीला वेळ तेवढीच मिळते. एकदा गुडघा धरला म्हणून घरीच बसलो. फोन वाजला, मला उठायला उशीर, तोवर मशीन सुरू. आणि खोलीत हिचा आवाज, मोठ्याने! मी धावतपळत उचलला. तर ही दचकलीच हो. 'अय्या, तुम्ही घरी?' म्हणाली. मग म्हणाली, मीटिंग आहे, नंतर करते. आणि ठेवला." आप्पा हसले. त्यांचं हसणं रेकॉर्डवर जरा फाटलं. "मी काही अगदीच बुद्दू नाही. कळलं."

खोलीत कोणीतरी "अरेरे" म्हणालं. ताईंना तो दिवस आठवत होता. मीटिंग नव्हती.

"मग काय केलंत?" मिशीवाल्याचा रेकॉर्डवरचा आवाजही जरा मऊ झाला होता.

"काही नाही. फिरायला जाणं सोडलं. त्या वेळी खुर्ची ओढून मशीनशेजारी बसतो. वाजतो, मी उचलत नाही. मशीन उचलतं आणि ती बोलायला लागते. काय मोकळी बोलते सांगू! माझ्याशी बोलताना सारखी घाईत असते, मशीनशी नाही. नातवाने काय खोड्या केल्या, कुठली भाजी करपली, सगळं. मी ऐकतो. खोकला आला तर तोंडावर पंचा धरतो. मशीन उचललेलं असताना माझं तिकडे ऐकू जात नाही, ठाऊक आहे मला. पण उगाच धोका कशाला?"

आता कोणी हसत नव्हतं.

"आणि शेवटी रोज एकच विचारते, 'गॅस बंद केलात ना आप्पा? बरं, ठेवते.' आता मशीन काय उठून गॅस बंद करणार आहे का? पण मी आपला म्हणतो, हो गं बाळ, केला."

ताईंनी मान वर केली नाही. पण शेजारी बसलेल्या वहिनींची खुर्ची करकरली. वहिनी वळून बघत होत्या. ते वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं, शेजारच्याच टेबलावरून. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कोणी भर बैठकीत त्यांच्या मुस्कटात मारली होती. मग त्यांच्या पलीकडच्याने बघितलं. मग आणखी एकाने. साहेबांना मात्र काहीच कळलं नव्हतं.

"तुम्ही विचारताय ते, मशीन काढायचं की ठेवायचं," आप्पा सांगत होते, "तर माझं मत लिहून घ्या. आमचा तो फोन आता जुना झाला, कधी बिघडेल नेम नाही. नव्यात मशीन नसलं तर मला उचलावा लागेल. मी उचलला की ती बोलायची बंद होईल. तेवढं करू नका. वाटल्यास चार पैसे जास्त घ्या. पण मशीन काढू नका."

मिशीवाल्याने बटण दाबलं. पंख्याचा आवाज यायला लागला.

"काय निर्लज्ज मुलगी आहे," साहेब डोळे पुसत म्हणाले. खरंच पुसत होते. "बाप घरात बसलाय आणि ही... असो. ताई, तुम्ही काढा म्हणून लिहिलंय. यानंतरही तेच मत?"

ताई उभ्या राहिल्या. इतकी वर्षं या खोलीत त्यांनी किती लोकांची किती मतं वाचून दाखवली होती, कधी शब्द अडला नव्हता.

"ते माझे वडील आहेत," त्या म्हणाल्या.

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मिशीवाल्याने दोन्ही हात डोक्याला लावले. "आईशप्पथ ताई, मला..." असं काहीतरी तो बोलत होता, पण ताई ऐकायला थांबल्या नाहीत. कोणी धरील, कोणी पाणी देईल, वहिनी पाठीवर हात ठेवतील, या भीतीनेच त्या बाहेर आल्या. लाज तर वाटतच होती, भर लोकांत कपडे उतरवल्यासारखी. पण तिच्याहून मोठं दुसरंच काहीतरी छातीवर येऊन बसलं होतं. आप्पा पंचा तोंडावर धरतात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून.

त्यांनी आपल्या टेबलावरचा फोन उचलला. सकाळची वेळ होती. या वेळी त्यांनी आप्पांना कधी फोन केला नव्हता.

दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"आप्पा, मी."

"काय झालं?" आप्पांचा आवाज एकदम चिरकला. "कोण गेलं? जावईबापू बरे आहेत ना? पोरं? अगं बोल लवकर, माझे हातपाय गळाले!"

"कोणाला काही नाही झालं आप्पा. सगळे बरे आहेत."

"नक्की?"

"नक्की."

आप्पा धापा टाकत होते. मग त्यांनी कुठेतरी टेकल्याचं ऐकू आलं. "मग अशी मध्येच फोन कसा केलास?"

या प्रश्नाला उत्तर होतं, सोपं होतं, जगातल्या कुठल्याही मुलीला देता आलं असतं. ताईंनी तोंड उघडलं आणि आतून नुसता हुंदका आला. मग दुसरा. सहज केला, एवढं म्हणायला जमेना. चुकले, असंही म्हणायला जमेना. त्या रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून नुसत्या रडत राहिल्या.

पलीकडे आप्पा गोंधळले. "रडतेस कशाला गं? अगं... बरं, बरं." मग त्यांना एकदम सुचलं, आणि मुलीच्या अडचणीवर उपाय सापडल्याचा आनंद त्यांच्या आवाजात आला.

"माझ्याशी बोलता येत नाहीये ना तुला? असू दे. मी ठेवतो हं बाळ. तू परत लाव. मी उचलत नाही. सगळं सांग मशीनला, अगदी सावकाश."

"आप्पा, नको, ठेवू नका..."

पण ते ठेवून मोकळे झाले होते. ताईंनी पुन्हा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली. वाजत राहिली. आप्पा तिथेच, शेजारीच बसलेले होते, आणि उचलत नव्हते.