माझ्यामागचे डबे

मित्रांनो, झाशीला लक्ष्मी ताल नावाच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दुमजली घर आहे. तिथल्या बैठकीत टेबलावरच्या रुळांवर उभे असलेले जुने अमेरिकन इंजिन म्हणजे मी. खरे नव्हे, वीतभर लांबीची प्रतिकृती. ज्याच्यावरून मला घडवले, ते इंजिन लाकडे जाळून धावत असे. म्हणून माझी चिमणी नरसाळ्यासारखी रुंद आहे, पुढे गुरे बाजूला सारणारी लोखंडी जाळी आहे आणि कपाळावर मोठा कंदील. पोटात मात्र विजेची छोटी मोटर.

नव्वदीच्या दशकात या घरच्या लेकीने, उषाताईंनी, मला शिकागोच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतले आणि वडिलांना पाठवले. त्या तिकडे नोकरीला होत्या. वडील शिवाजीराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि झाशीतच राहिले. त्यांना रेल्वेचे भारी वेड. तिकडची वीज वेगळी, इकडची वेगळी, म्हणून त्यांनी जवळच्या बिजौलीतल्या एका कारखान्यातून माझ्यासाठी ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला आणि मी धावू लागले.

पुढे उषाताईंनी डबे पाठवले. लांबलचक, चंदेरी, गुळगुळीत. ते मला जोडलेले पाहून अहिल्याबाई, म्हणजे उषाताईंची आई, म्हणाल्या, "अहो, हे तर बैलगाडीमागे विमान बांधल्यासारखं दिसतंय."

शिवाजीरावांनी इलाइट चौराह्यावरच्या दुकानातून अमेरिकन रेल्वेचे एक सचित्र पुस्तक आणले. चंदेरी डबे माझ्या जमान्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेले निघाले. शिवाय माझ्या रुळांचे वळण अरुंद. शेवटचा डबा तिथे हमखास घसरायचा.

मग त्यांनी माझ्या वयाचे डबे निवडायला घेतले. लोखंडी मालडबा त्यांच्या मनात भरला होता, पण तोही नंतरचा, म्हणून सोडला. खोक्यांची फळकुटे कापून त्यांनी आखूड लाकडी डबे केले. प्रवासी डब्यांना दोन्ही टोकांना उघडा सज्जा, त्यांच्यामागे एक लाकडी मालडबा आणि शेवटी गार्डचा लाल डबा. ती गाडी मी अगदी सहज ओढत असे.

फोनवर मात्र उषाताईंनी विचारले की ते म्हणत, तू पाठवलेले डबे एकदम फर्स्ट क्लास चालतात.

एका हिवाळ्यात उषाताई घरी येणार असे कळले. शिवाजीरावांनी लाकडी डबे काळ्या ट्रंकेत ठेवले आणि चंदेरी डबे काढून पुसले. अहिल्याबाईंना ते पटले नाही. पण मुलीने एवढ्या लांबून पाठवलेत, तिला वाईट वाटेल, असे ते म्हणाले.

उषाताई आल्या. मी निघाले. वळणावर शेवटचा डबा घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. उषाताईंनी तो हातात घेतला आणि उलटा करून त्याची कोरी चाके पाहिली.

"बाबा, सच बोलो. हे कधी चाललेच नाहीत ना?"

शिवाजीरावांनी रुळांवरचे उरलेले डबे सोडवायला घेतले.

"मग आईची तबियत ठीक आहे म्हणता, तेही असंच?"

उत्तर अहिल्याबाईंनीच दिले. पावसाळ्यात त्या इस्पितळात होत्या. फोनवर सर्दी सांगितली होती, पण दुखणे हृदयाचे होते. "तू तिकडे एकटी. तुला घोर नको म्हणून नाही सांगितलं गं," त्या म्हणाल्या.

"घोर तो वैसे भी था, आई. फक्त कसला ते माहीत नव्हतं."

शिवाजीराव उठले. त्यांनी ट्रंक उघडली आणि लाकडी डबे लेकीसमोर मांडले. ती प्रत्येक सज्ज्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने स्वतःच ते मला जोडले.

उषाताईंनी रजा वाढवली. आईला ग्वाल्हेरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेले. औषधे बदलली, जिना चढायला लागू नये म्हणून आईची खाट खाली आली. जाताना उषाताईंनी चंदेरी डबे सोबत नेले. त्यांच्या जोडीचे इंजिन शोधीन, म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या चाकांत धूळ साचते, ती अधूनमधून पुसा. जुन्या वस्तूला तिच्या काळाची सोबत द्या. आणि आपल्या माणसाने दिलेले काही चालत नसेल, तर चालत नाही म्हणून सांगा. शिवाजीराव आता फोनवर लेकीला आधी काय बिघडले ते सांगतात. मग बराच वेळ दोघे हसत बोलत असतात.