आक्कानं बाजूला काढलेली बॅटरी

"ही बॅटरी कुठं आपटलीस?"

"कुठं नाही."

"मग हिचं पोट का सुटलंय?"

"बॅटरीला कसलं पोट, आक्का? सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस. मला उशीर होतोय."

सुताराच्या अंगणात हे सुरू झालं तेव्हा मी गिरणीचा पट्टा चढवत होते. हात तसाच थांबला. माझी पिठाची गिरणी आणि त्याचं कामाचं खोपट यांच्यात एकच भिंत. तिकडचं भांडण मला ऐकायचं नसलं तरी ऐकावं लागतं, आणि खरं बोलायचं तर मला ऐकायचं असतंच.

सुताराला गाव तातड्या म्हणायचं. हात सोन्याचा, पण जीव सदा घाईत. जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याबाहेर. त्याचं लग्न काही जमलं नाही. थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यावर त्याच्याकडं आली, तेव्हापासून घरात दोघंच. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सातवी शिकलेली, बोलायला फटकळ. पण पहिला घास भावाला घातल्याशिवाय तिच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी तातड्यानं बिनवायरची मशीनं आणली. भोकं पाडायचं एक, पत्रा कापायचं एक, आणि चार बॅटऱ्या. खोक्यात एक पुस्तिका होती, ती त्यानं टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली. आक्कानं ती ओढून काढली, चष्मा लावून दोन दिवस वाचली, आणि त्या दिवसापासून बॅटऱ्यांची मालकीण ती झाली. प्रत्येकीवर तेलरंगानं आकडा घातला. चार्जरसाठी दाराजवळ, वाऱ्याला, दगडी फरशी मांडली. आसपास भुश्याचा कणही पडू द्यायची नाही. बॅटरीची तोंडं कोरड्या फडक्यानं पुसायची आणि मगच लावायची.

मला म्हणायची, "कामावरून आलेली बॅटरी म्हणजे धापा टाकत आलेलं माणूस. त्याला लगेच ताटावर बसवतात का? आधी टेकू द्यावं, अंग निवू द्यावं. आणि पार प्राण जाईस्तोवर राबवू नये. मशीन रेंगाळलं की काढावी."

"आणि पोट सुटलं तर?"

"मग तिला चार्जर दाखवायचा नाही. घराबाहेर ठेवायची."

त्या आठवड्यात उन्हानं जमीन तडकली होती. दुपारी पाखरू दिसायचं नाही. आदल्या रविवारी वावटळ आली आणि टेकडीवरच्या कोंबड्यांच्या दोन शेडचे पत्रे पत्त्यांसारखे उडाले. पिल्लांची गाडी शनिवारी यायची होती. त्याआधी छप्पर बसलं पाहिजे होतं, वर टेकडीवर वीज नाही, म्हणून काम तातड्याकडं आलं. तापलेल्या पत्र्यावर बसून तो दिवसभर भोकं पाडायचा. बॅटऱ्या तिथंच पत्र्यावर, उन्हात. तीन नंबरची घसरली आणि खालच्या खडकावर आपटली. हे त्यानं आक्काला सांगितलं नाही. चिरेवर काळी चिकटपट्टी लावली, बस्स.

पण आक्काचा हात फिरला की लपतंय कुठं? तिनं ती उचलून वाळू भरलेल्या घमेल्यात पुरली आणि घमेलं परसात झाडाखाली ठेवलं.

"तिघींत भागव," म्हणाली.

"तिघींत कसं भागेल? शनिवारी पिल्लं येणार!"

"पिल्लं येतील नाहीतर परत जातील. ही चार्जरला लागणार नाही."

तो पाय आपटत गेला. भांडण मिटलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आक्का कपडे घेऊन नदीवर गेली. दुपारचे दोन वाजले असतील. तातड्या टेकडीवरून उतरलेला मी पाहिला, घामानं निथळत होता. खोपटात गेला, परसात गेला, पुन्हा खोपटात आला आणि जेवायला घरात गेला. माझी गिरणी चालू होती. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं फटाका फुटावा तसा आवाज झाला. मग दुसरा. मग नाकाला झोंबणारा, गोडसर, जळका वास आला. बाहेर धावले तर खोपटाच्या दाराखालून पांढरा धूर निघत होता.

मी बोंब मारली. सगळ्यांत आधी कोण आलं असेल तर गावातला वायरमन. रस्त्यावरून सायकलनं चालला होता, सायकल तशीच टाकून पळत आला. आधी खांबावरचा खटका पाडला, मग ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत शिरला, कारण आत रंगाचे आणि पॉलिशचे डबे होते. ते पेटले असते तर माझी गिरणीही गेली असती, आणि गिरणीत तेव्हा चार बायका होत्या. त्यानं डबे एकेक करून बाहेर फेकले. शेवटच्या खेपेला आढ्याची जळती पट्टी त्याच्या उजव्या हातावर पडली. मग लोक जमले, माती टाकली, पाणी टाकलं. खोपटाचा कोळसा झाला. तयार दारं गेली, मशीनं गेली, सागाच्या फळ्या गेल्या.

तातड्या अंगणात उभा होता. कुणीतरी विचारलं, "कशानं लागली रे?"

मग त्याची नजर काळ्या पडलेल्या बोर्डाकडं गेली. दोन महिन्यांपूर्वी तो बोर्ड वायरमननंच बसवला होता.

"वायरिंग," तातड्या म्हणाला. "दुसरं काय?"

वायरमनला तेव्हा दवाखान्यात नेत होते. त्यानं हे ऐकलं की नाही, कोण जाणे.

गावाला काय, बोट दाखवायला कुणीतरी लागतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, वायरमन हलकी वायर वापरतो, घाईत जोडतो. शाळेच्या नव्या खोल्यांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. लोकांनी घरातले बोर्ड दुसऱ्या गावच्या माणसाकडून तपासून घेतले. आणि मी तरी काय वेगळी? ज्या माणसानं माझी गिरणी वाचवली, त्यानंच जोडलेली माझी मोटर मी परक्या माणसाला दाखवली. त्यानं सगळं बघून सांगितलं, काम चोख आहे. ते मी कुणाला सांगितलं नाही.

वायरमन हात गळ्यात बांधून सुताराच्या दाराशी आला होता. मी ऐकलं.

"मला तो बोर्ड एकदा बघू द्या. चूक माझी असेल तर चौकात उभं राहून कबूल करतो."

"कशाला बघायचाय? खड्ड्यात टाकला," तातड्या म्हणाला आणि दार लावलं.

आक्का त्या दिवसांत बोलेनाशी झाली. दळण टाकायला यायची, डबा ठेवायची, उचलायची. तीन आठवड्यांनी एका दुपारी गिरणीत कुणी नव्हतं, तेव्हा ती माझ्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "घमेलं रिकामं होतं गं."

मला आधी कळेचना.

"नदीवरून आले, आग विझलेली होती. सरळ परसात गेले. वाळूत बॅटरीएवढा खड्डा. त्यानं ती काढून लावली. टेबलावर, भुश्यात. चार्जर फरशीवर न्यायलाही त्याला वेळ नव्हता."

"तू त्याला विचारलंस?"

"त्याच रात्री. पाय धरले माझे. म्हणाला, आक्का, कळलं तर मला कोण घरात पाऊल टाकू देईल? आणि मी उपाशी मेलो तर तू कुठं जाशील?" ती पदराचा काठ पिळत राहिली. "हे शेवटचं त्यानं मुद्दाम म्हटलं नसेल. पण म्हटलं."

"मग?"

"मग काय. एकवीस दिवस झाले. त्याच्या ताटात वाढते आणि मला वायरमनचा हात दिसतो."

मी काय सांगणार? सख्खा भाऊ, त्याचंच छप्पर. मी म्हणाले, "गप्प राहा बाई. दिवस जातील, लोक विसरतील."

"लोक विसरतील," ती म्हणाली. "त्याची बोटं विसरतील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत गर्दी होती. बाया, बापे, डबे, पोती. वायरमन आपलं दळण घेऊन आला. उजव्या हाताची पट्टी सुटली होती, पण दोन बोटं वाळल्या शेंगेसारखी वाकलेली. डब्याचं झाकण त्यानं दातानं उघडलं. रांगेतला एकजण हसून म्हणाला, "जरा लांब उभं राहा बाबा. गिरणी पेटायची."

दोघंतिघं हसले. वायरमननं मान खाली घातली.

तेवढ्यात आक्का आली. हातावर, कपाळावर राख. डोक्यावर टोपलं. तिनं ते सगळ्यांसमोर पालथं केलं. त्यातून बोर्ड पडला, आणि एक फाटलेलं, काळं खोकं. मी गिरणी बंद केली.

"खड्ड्यातून काढून आणलंय," ती वायरमनला म्हणाली. "बघा तुम्ही. आणि यांना दाखवा."

वायरमननं डाव्या हातानं बोर्ड फिरवला. बाहेरचं तोंड वितळून ओघळलं होतं. त्यानं मागचं झाकण काढलं. आतल्या वायरी लाल, पिवळ्या, जशाच्या तशा. त्यानं एकेक वायर बोटानं ओढून पाहिली.

"आग आतून लागली असती तर आधी या जळाल्या असत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "आच बाहेरून आलीय."

"बाहेरून म्हणजे यातून." आक्कानं ते फाटकं खोकं उचललं. "ही तीन नंबरची बॅटरी. आपटलेली, फुगलेली. मी बाजूला काढली होती. माझ्या भावानं ती लावली, भुश्यात. आणि नाव यांचं घेतलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी बोलले नाही. तेव्हा दोष द्यायचा तर आम्हा दोघांनाही द्या."

दारात तातड्या उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" तो ओरडला. "माझ्याच घरात राहून!"

"दांडाही लाकडाचाच असतो रे," आक्का म्हणाली. "म्हणून तर त्याला कळतं, कीड कुठं लागलीय."

त्यानं वायरमनकडं बघितलं, पण त्या हाताशी नजर अडखळली आणि तो वळून गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. त्या दिवशी माफीचा शब्द काही निघाला नाही त्याच्या तोंडून.

रांगेतला तो हसणारा माणूस वायरमनचा डबा उचलून पुढं ठेवायला गेला. वायरमननं डबा मागं ओढला. "माझा नंबर येईल तेव्हा येईल," म्हणाला.

त्या संध्याकाळी आक्का दोन लुगडी आणि चष्म्याचं घर घेऊन माझ्याकडं आली. तातड्यानं तिला जा म्हटलं नव्हतं, राहा पण म्हटलं नव्हतं. गिरणीमागची खोली मी तिला दिली. वायरमनकडं मी स्वतः गेले. "माझ्या मोटरीला दुसऱ्याचा हात लावला, चुकलं माझं," म्हणाले. तो "बसा" म्हणाला, चहा दिला, पण स्वतः उभाच राहिला. शाळेचं काम त्याला परत मिळालं. खांबावर मात्र तो आता चढू शकत नाही. ती दोन बोटं सरळ झालीच नाहीत, आणि गावातल्या एकाही माणसाच्या खऱ्या बोलण्यानं ती होणार नव्हती.

पुढं गिरणीच्या कट्ट्याशी लोक चार्जिंगला बॅटऱ्या घेऊन यायला लागले. शेडवाले, गवंडी, बागांवर फवारणी करणारे. आक्का प्रत्येकीवरून हात फिरवायची, कान लावायची, नाक लावायची, एखादी सरळ परत करायची. "ही मेली. हिला घरात ठेवू नका, जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात नेऊन द्या." त्यासाठीचा बोर्ड वायरमननं बसवला, गिरणीच्या मोकळ्या भिंतीवर, डाव्या हातानं, दोन दिवस लावून.

सुगी संपता संपता तातड्या आला. कुणाकडून तरी जुनं मशीन मिळवलं होतं, सोबत दोन बॅटऱ्या. अंगानं पार उतरला होता. कट्ट्यावर आधीच तिघंजण बसले होते, त्यात वायरमनही. तातड्यानं बॅटऱ्या ठेवल्या.

आक्कानं बॅटऱ्या उचलल्या, फडक्यानं पुसल्या आणि रांगेत सगळ्यांच्या मागं ठेवल्या. मान वर न करता म्हणाली, "बसा. तुमचा नंबर आला की सांगते."

ज्याला तिनं कडेवर खेळवलं, नाक पुसलं, 'अरे'शिवाय कधी हाक मारली नाही, त्याला ती 'बसा' म्हणाली. तातड्याच्या तोंडावर कुणी चापट मारावी तसं झालं. मला वाटलं, आता हा बॅटऱ्या उचलून तडक निघणार.

तो बसला. वायरमनपासून हातभर अंतर सोडून, दोन्ही पाय कट्ट्याच्या आत घेऊन. आणि नंबर येईस्तोवर उठला नाही.