मान ताणलेला बगळा

धाकट्या बहिणीचा नवरा चित्रकार आहे, हे थोरली आपणहून कुणाला सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "हो, रंग विकत घेतात ते."

ती स्वतः दलदलीच्या काठावरच्या पक्षी-नोंद केंद्रात सव्वीस वर्षं पक्ष्यांची चित्रं काढत होती. सकाळी जाळ्यात सापडलेला पक्षी टेबलावर आणायचा, त्याची लांबी-रुंदी मोजायची, पायात नंबराची कडी घालायची आणि सोडून द्यायचा, हे केंद्राचं काम. त्यातली दहा मिनिटं थोरलीची. तेवढ्यात ती पांढऱ्या कागदावर शेकाट्याचे काडीसारखे पाय, पाणकावळ्याच्या चोचीचा आकडा, पंखातलं सातवं पीस आठव्यापेक्षा किती आखूड, सगळं पेन्सिलीने उतरवून मोकळी होई. केंद्राच्या तीन लोखंडी कपाटांत तिचे कागद गच्च भरले होते. ते पाहायला वर्षाकाठी चार माणसं येत, त्यांतली दोन चुकून.

मेहुण्यांचं सगळंच भिंतीएवढं. बँकेच्या भिंती, हॉटेलांच्या भिंती, दातांच्या दवाखान्याची भिंत. बोलणंही तसंच. "रेषा मी ओढत नाही, ती माझ्यातून निघते," असं ते जेवताना म्हणायचे आणि धाकटी त्यांच्या ताटात वाढत राहायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे थोरलीने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि गेल्या अठरा वर्षांत मत बदलावं असं त्यांनी काही केलं नव्हतं.

त्यात पाणीखात्याने नवी इमारत बांधली. तिच्या दर्शनी दालनात चाळीस फुटांची भिंत कोरी होती, आणि तिच्यावर शहराबाहेरची पाणथळ रंगवायचं काम मेहुण्यांना मिळालं. फोन धाकटीचा आला.

"ताई, हे तीन दिवस तुझ्याकडे येतील. त्यांना पाणथळ अनुभवायची आहे."

"बरं. अनुभवायला उंच बूट लागतात म्हणावं."

मेहुणे पांढरे कापडी बूट घालून आले. पहिल्या सकाळी थोरली त्यांना लव्हाळ्यांमधल्या वाटेने आत घेऊन गेली. वीस पावलांवर ते गुडघाभर चिखलात गेले. तिने हात देऊन बाहेर काढलं, तर डावा बूट आतच राहिला. ते एका पायावर उभे राहून आपण किती एकाकी झालो आहोत यावर बोलू लागले. तेवढ्यात समोरच्या पाण्यातून एक राखी बगळा उठला, त्याने दोन ढांगा टाकल्या, मान मागे घेऊन खांद्यांत दुमडली आणि त्यांच्या डोक्यावरून निघून गेला. इतक्या जवळून की पंखांचा वारा लागावा. मेहुणे त्या वेळी फोनवर स्वतःचा फोटो काढत होते.

"पाहिलात?" थोरलीने विचारलं.

"जाणवला," मेहुणे म्हणाले.

चाळीस मिनिटांत ते घरी परतले. उरलेले दोन दिवस त्यांनी थोरलीच्या एकुलत्या एका आरामखुर्चीत पडून पाण्याच्या मौनाबद्दल विचार केला. तिची कपाटं पाहू का, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, पण न विचारल्याचा राग तिला जास्त आला.

उद्घाटनाला ती गेली ती बहिणीच्या शब्दाखातर. दालनात सत्तर-ऐंशी माणसं होती. कुणीतरी दोरी ओढली, पडदा खाली आला, टाळ्या झाल्या. भिंतीवर सोनेरी आभाळ होतं, खाली कसलासा जांभळा धूर, आणि दारापासून पलीकडच्या खिडकीपर्यंत एक अवाढव्य बगळा उडत होता, मान भाल्यासारखी पुढे ताणून.

थोरलीने एकदा पाहिलं आणि तिला हसू आवरेना. लोकांना वाटलं बाईंना भरून आलं. पाणीखात्याचे इंजिनियरसाहेब कौतुकाने जवळ आले. "आपणही पक्ष्यांतल्या ना? कसं वाटलं?"

"छान आहे," थोरली म्हणाली, आणि मुद्दाम आवाज खाली ठेवला नाही. "फक्त बगळा असा उडत नाही. बगळा मान दुमडून उडतो. हा मान ताणून निघालाय, म्हणजे एक तर हा करकोचा आहे, नाही तर ह्याला कुणीतरी पुढून ओढतंय."

दोघे-तिघे खुदकन हसले. मेहुणे मंद स्मित करून म्हणाले, "ताई, हा बगळा नाही. ही बगळ्याची इच्छा आहे."

त्यावर पुन्हा टाळ्या. आता ह्याला काय म्हणावं? नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणणारे बरे. हा माणूस अंगणालाच नाच म्हणत होता.

धाकटीने तिला दंडाला धरून बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"झालं समाधान?"

"मी खोटं बोलले का?"

"मान चुकलीय हे मला माहीत नाही असं वाटतं तुला? तुझ्याबरोबर लहानपणी त्या चिखलात मीच होते ना? मी सांगितलं होतं ह्यांना. दोनदा." धाकटीने दंड सोडला नव्हता. "त्यांनी नाही ऐकलं. आणि तू तर कुणाला सांगतच नाहीस, नुसती कपाटं भरतेस. त्यांचा चुकीचा बगळा शंभर माणसं रोज बघतील. तुझे खरे बगळे कुणी बघितले?"

थोरलीला पुष्कळ उत्तरं सुचली, पण ती सगळी घरी पोचल्यावर.

पंधरवड्याने इंजिनियरसाहेबांचा फोन आला. हा एक वेगळाच नमुना. चित्र चांगलं की वाईट याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण सात लोकांनी लेखी तक्रार केली होती की पाणीखात्याला साधा बगळा कळत नाही. चूक कागदावर आली म्हणजे ती चूक. मेहुण्यांना विचारलं, तर त्यांनी कळवलं होतं की एकदा सोडलेल्या कामाला ते हात लावत नाहीत. ज्यांना चूक दिसली त्यांनीच ती दुरुस्त करावी.

"येते," थोरली म्हणाली. अशी संधी तिला जन्मात पुन्हा मिळणार नव्हती.

लाकडी मचाण लावून ती वर चढली. एका दिवसात तिने ती मान पुसली आणि खांद्यांत नीट दुमडून बसवली, गळ्याखाली जसा फुगवटा येतो तसा, चोच सरळ, पाय मागे लांबवलेले. इंचाचीही चूक नाही. संध्याकाळी हात पुसत खाली उतरली, दारापर्यंत मागे गेली आणि वळून पाहिलं.

भिंत पडली होती.

म्हणजे भिंत जागेवरच होती, पण चित्र कोसळलं होतं. मघापर्यंत दारातून आत येणाऱ्या माणसाची नजर त्या चुकीच्या मानेवरून घसरत थेट खिडकीपर्यंत जात होती. आता ती मध्येच एका गाठोड्यावर आपटत होती, आणि गाठोड्यापुढे दहा फूट नुसता जांभळा धूर. बगळा बिनचूक होता आणि मेलेला होता. मेहुण्यांना बगळा कळत नव्हता, पण भिंत कळत होती.

हे थोरलीला अजिबात आवडलं नाही. ती तिथेच दालनातल्या बाकावर बसली. तिला आपली तीन कपाटं आठवली. हजारो पक्षी, सगळे पांढऱ्या कागदावर. एकाच्याही पायाखाली पाणी नाही, मागे लव्हाळं नाही, वर आभाळ नाही. सव्वीस वर्षं ती दलदलीच्या काठावर राहिली आणि दलदल तिने एकदाही काढली नव्हती. आजवर मेहुण्यांसाठी राखून ठेवलेले सगळे शब्द तिने त्या बाकावर बसून स्वतःला ऐकवले. त्यातले बरेच बसले.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, "नुसत्या मानेने भागणार नाही. पूर्ण भिंत नव्याने रंगवावी लागेल."

"तक्रार फक्त मानेबद्दल आहे," साहेब कागद पाहून म्हणाले.

"मग मी जुनी मान परत काढून देते."

साहेबांनी घाईघाईने परवानगी दिली.

तिसऱ्या दिवशी धाकटी आली. हातात जेवणाचा डबा, अंगावर जुना ड्रेस, केस वर बांधलेले. थेट मचाणावर चढली आणि म्हणाली, "कुठला ब्रश घेऊ?"

"तुझे हे काय म्हणतील?"

"हे सध्या दुसऱ्या भिंतीची इच्छा काढतायत," धाकटी म्हणाली, आणि दोघींना असं हसू फुटलं की खालचा पहारेकरी वर पाहू लागला.

अकरा दिवस त्या राबल्या. सोनेरी आभाळ गेलं, धूर गेला. त्या जागी डावीकडून उजवीकडे लव्हाळ्यांची बुटकी, लांबलचक पट्टी आली, वाऱ्याने एकाच बाजूला कललेली. नजर आता तिच्यावरून चालू लागली. बगळा थोरलीने लहान करून पार खिडकीशी नेला, निघून जाताना. उथळ पाण्यात शेकाटे उभे राहिले, आणि त्यांच्या पायांखाली प्रतिबिंबं धाकटीने काढली, थोडी मोडकी, थरथरती. थोरलीने तीनदा तिला दटावलं की प्रतिबिंबाचे सांधे चुकतायत, आणि तीनदा धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथ्या वेळी थोरली गप्प बसली. लग्नामुळे धाकटीचं काय काय राहून गेलं होतं, ते त्या दिवसांत थोरलीला पहिल्यांदा कळलं. अठरा वर्षं ती फक्त मेहुण्यांकडे बघून नाक मुरडत होती. बहिणीकडे बघायला तिला सवडच झाली नव्हती.

बाराव्या दिवशी मचाण निघायच्या आधी मेहुणे आले, गळ्यात दोन पदरी मफलर. बायकोच्या हातावरचा रंग पाहिला. सरळ भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात गेले आणि आपली सही शोधू लागले.

"धुरात होती," धाकटी म्हणाली. "धुराबरोबर गेली."

मेहुणे क्षणभर अगदी साध्या माणसासारखे दिसले. मग सावरले, फोटोसाठी फोन काढला, परत खिशात ठेवला. दारापर्यंत मागे गेले आणि डोळे बारीक करून बराच वेळ उभे राहिले. थोरली वाट पाहत होती. आता मौन येईल, एकाकीपण येईल, इच्छा येईल. ती तयारीत होती.

"डावीकडचं पाणी नळाचं वाटतंय," मेहुणे म्हणाले.

"काय?"

"फार स्वच्छ आहे. खालून काही वर येत नाहीये. थोडा चिखल हवा, लव्हाळ्यांच्या बुडाशी."

थोरली त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पाहू लागली. तिने डोकं तिरकं करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं, मनातल्या मनात तीन वेळा 'मूर्ख' म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. पाणी नळाचंच वाटत होतं.

माणूस तोच होता. तसाच पोकळ, तसाच मफलरवाला. उद्या कुठेतरी तो ही भिंत आपलीच म्हणून सांगेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कुणी असता तर दोन पावलं मागे सरला असता. मग काळपट तपकिरी रंगाचा डबा उचलला आणि शिडी चढू लागली.

"लव्हाळ्यांच्या बुडाशी म्हणजे नेमकं कुठे?" तिने मागे न वळता विचारलं. "आणि शब्दांत सांगू नका. बोटाने दाखवा."