अकरा शब्द आणि एक भूत

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. माझी सहा वर्षांची भाची, जिला दोन शब्द जोडता येत नाहीत, ती डोक्यावरून चादर घेऊन माइकवर घडाघडा बोलत होती. "तीन वर्षं मी हिच्या अंगात आहे. हिला शाळेत पाठवता, त्याचा मला राग येतो. मी चावणारच." माणसं हात जोडून ऐकत होती. भूत उतरवणारे महाराज चादरीत माइक धरून, डोळे मिटून उभे, जणू त्यांच्याही कानावर हे आजच पडत होतं.

पोर चावायची, ताट भिरकावायची, हे खरं होतं. शेजाऱ्यांचे टोमणे ऐकून माझी बहीण टेकीला आली होती. महाराजांनी उपाय काढला : शाळा बंद, आणि तोंडाला पट्टी बांधून पोरीला सात दिवस त्यांच्याकडे ठेवायचं. बहिणीनं मान डोलावली. मी सख्खा मामा, तरी गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

तेवढ्यात तिच्या वर्गाच्या बाई गर्दीतून पुढे आल्या आणि भूत बोलत असतानाच त्यांनी चादर ओढली. पोरीचं तोंड बिस्किटांनी गच्च भरलेलं होतं. आवाज मात्र चालूच होता. मी महाराजांच्या मागचा पडदा ओढून फाडलाच. तिथं महाराजांची शिष्या दुसरा माइक घेऊन बसली होती. महाराजांच्या हातातला माइक बंदच होता.

बाईंनी वही उघडून बहिणीपुढे धरली. त्या म्हणाल्या, "हिला अकरा शब्द येतात, सगळे इथं लिहिलेत. आणि ती केव्हा आणि कशामुळे चावली, तेही लिहिलंय. वाचा."

बहिणीनं वाचलं. पाणी मागत होती, कुणाला कळलं नाही, चावली. कान दुखत होता, दाखवता आलं नाही, ताट फेकलं. पानंच्या पानं अशीच होती.

"तिला सांगायचं असतं, ताई. सांगता येत नाही, म्हणून ती दातांनी सांगते. त्या तोंडाला तुम्ही पट्टी बांधणार होतात."

बाईंनी चित्रांची कार्डं पोरीपुढे पसरली. तिनं घराचं कार्ड उचलून आईच्या हातात दिलं. बहीण तिथंच रडायला लागली, मग तिला कडेवर घेऊन जिना उतरली.

संताप महाराजांचा येतो, त्याहून जास्त आमचा. तीन वर्षं आम्ही तिला रागावलो, मारलं, पण तिला काय हवंय हे विचारलं नाही. तुमच्या घरात असं मूल असेल तर त्याचे कान तपासून घ्या, वाचा सुधारणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, आणि ते चिडण्याआधी काय घडलं ते रोज लिहून ठेवा. एवढं करा, आणि मग भूत सापडतं का ते बघा.