एक्केचाळीस मिलिमीटर

शेवगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये राजेश्वरीनं अकरा वर्षं कॉम्प्युटर शिकवला. इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा मालकानं भंगारात काढलेले चार कॉम्प्युटर तिनं टेम्पोत घालून गावी आणले, शिलाई मशीनच्या खोलीत मांडले, आणि तेव्हापासून वस्तू उघडायची, आत काय आहे ते बघायचं आणि पुन्हा जोडायची, हा तिचा नादच होऊन बसला. गावात कुणाचाही मोबाईल अडला की तो तिच्याकडे यायचा. ती दुरुस्त करून द्यायची, पण बोलल्याशिवाय द्यायची नाही.

"मोबाईल फास्ट करायची सात ॲपं घेतलीत यात. सातीजणी एकमेकींच्या उरावर बसल्यात. चालंल कसा?"

तिच्या तोंडातून नवराही सुटला नव्हता. अंगद शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर होता. मेहुण्यानं त्याला स्मार्ट घड्याळ दिलं होतं. तो मोटारसायकलवरून कामाला जायचा, मोटारसायकलवरून परत यायचा, आणि संध्याकाळी घड्याळ त्याचं अभिनंदन करायचं की आज आपण नऊ हजार पावलं चाललात. अंगद ते कौतुकानं दाखवायचा.

"खड्डे मोजतंय ते," राजेश्वरी म्हणायची. "पावलं कसली डोंबलाची!"

फेब्रुवारीत ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत पुण्याच्या एका कंपनीनं हवामान केंद्र उभं केलं. मंडप घातला, नारळ फोडला, सरपंचांनी बटण दाबलं. केंद्र म्हणजे काय, तर एक लोखंडी खांब, त्यावर वारा मोजायच्या वाट्या, पाऊस मोजायचं पांढरं डबडं आणि सोलरची पाटी. कंपनीचा इंजिनिअर रविराज, पंचविशीचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र घालून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ॲप टाकत होता.

राजेश्वरीनं खांब हातानं हलवून बघितला. बुडाशी काँक्रीट वीतभरसुद्धा नव्हतं.

"हा डुलतोय की," ती म्हणाली. "आणि आतलं मोजमाप कसं हाय? कच्चे आकडे कुठं दिसतात?"

"काकू, सगळं क्लाउडवर असतं," रविराज हसून म्हणाला. "तुम्हाला फक्त ॲप बघायचं. वापरायला शिकवू का?"

आजूबाजूचे चार लोक हसले. राजेश्वरीचा चेहरा तापला. अकरा वर्षांत तिनं याच्यासारखी किती पोरं माऊस धरण्यापासून शिकवली होती, पण तिथं भांडत बसणं तिला कमीपणाचं वाटलं. "ऱ्हाऊ दे साहेब," एवढंच म्हणून ती घरी आली आणि दोन दिवस अंगदला त्या हसण्याबद्दल ऐकवत राहिली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, गावातले मोबाईल एकदम वाजले. 'आपल्या गावात गेल्या दोन तासांत ४१ मिमी पाऊस. अतिवृष्टीचा इशारा. काढलेला शेतमाल त्वरित झाका.'

बाहेर ऊन असं होतं की पत्र्यावर हात टेकत नव्हता. तरी लोकांची धावपळ सुरू झाली. आक्काबाईच्या लेकाचा पुण्याहून फोन आला की नदीकाठी जाऊ नकोस. बिभीषण तात्यांचा कांदा काढून रानात पातीखाली वाळत पडला होता. त्यांनी घरातल्या सगळ्यांना लावून त्यावर ताडपत्र्या ओढायला घेतल्या. राजेश्वरी रस्त्यानं चालली होती, ती बांधावर थांबली.

"तात्या, जरा वर बघा की. एक ढग तरी हाय का?"

"ढग न्हाई दिसत," तात्या ताडपत्रीवर दगड ठेवत म्हणाले, "पण मोबाईल म्हनतोय."

"मोबाईलला डोळं हायेत का? तुमाला तर हायेत!"

"लाखाचं यंत्र हाय पोरी ते. उगं बोलंल का?"

राजेश्वरीनं कपाळावर हात मारला आणि तशीच तरातरा ग्रामपंचायतीकडे गेली.

तिथं लांबूनच तिला उत्तर दिसलं. कारभारी नावाच्या शेजारच्या माणसानं आपली म्हैस त्या खांबाला बांधली होती. म्हैस निवांत डोळे मिटून मान खांबाला घासत होती, आणि खांब वरपर्यंत थरथरत होता. राजेश्वरी पिंपळाच्या पारावर बसली आणि बघत राहिली. पाऊस मोजायच्या डबड्यात आत एक छोटी दुतोंडी पळी असते, हे तिला माहीत होतं. एक तोंड पाण्यानं भरलं की पळी कलंडते आणि एक आकडा पडतो. पाच वेळा कलंडली की एक मिलिमीटर. पाणी नसलं तरी खांब हलवा, पळी कलंडणारच. म्हणजे एक्केचाळीस मिलिमीटरसाठी म्हशीनं दोन तासांत तिला दोनशे पाच वेळा कलंडवलं होतं.

राजेश्वरीला आधी हसू आलं, मग राग आला. तिनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथं एका गोड यांत्रिक आवाजानं तिला विचारलं की आपली तक्रार पावसाबद्दल आहे, वाऱ्याबद्दल आहे की ॲपबद्दल.

"म्हशीबद्दल," ती म्हणाली.

आवाज म्हणाला, "क्षमस्व, मला समजले नाही."

तिसऱ्या दिवशी रविराज आला. तोवर तात्यांचा निम्मा कांदा ताडपत्रीखाली उबून सडला होता. त्यांचा पुतण्या आसाराम चिडून वीस-पंचवीस माणसं जमवून उभा होता. रविराजनं लॅपटॉप उघडला.

"आमची सिस्टिम तपासलेली आहे. त्या दिवशी स्थानिक स्वरूपाचा पाऊस झाला असण्याची शक्यता आहे."

"म्हंजी या खांबाएवढाच पडला का?" आसारामनं विचारलं.

राजेश्वरी पुढं झाली. तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी खांब धरला आणि चांगला हलवला. "आकडा दर पंधरा मिनिटांनी जातो ना साहेब? थांबा मग सगळे."

सगळे उन्हात थांबले. बरोबर सव्वाअकराला मोबाईल वाजायला लागले. 'मध्यम स्वरूपाचा पाऊस. फवारणी टाळा.' सगळ्यांनी एकदाच वर बघितलं, मग रविराजकडे बघितलं, आणि मग जे हसणं सुटलं त्यानं म्हैससुद्धा दचकली. रविराजचे कान लाल झाले. त्यानं लॅपटॉप मिटला आणि मोटारसायकल काढली.

राजेश्वरीला वाटलं, आता तरी खांब पक्का करतील. पुढच्या आठवड्यात कंपनीची गाडी आली, दोन माणसं उतरली आणि खांबाला एक पिवळी पाटी लावून गेली. 'नागरिकांकडून यंत्राशी छेडछाड झाल्याचे आढळले आहे. स्पर्श केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.'

"तुझंच नाव न्हाई लिवलं, एवढंच," अंगद घाबरून म्हणाला.

"लिहू दे की," राजेश्वरी म्हणाली. "म्हशीलाबी नोटीस पाठवा म्हणावं. एवढी मोठी कंपनी, अन् चार पाट्या सिमेंट टाकायची अक्कल न्हाई. पाटी तेवढी लावता येते!"

त्यानंतरच्या रविवारी दुपारी रविराज तिच्या दारात उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. तो बराच वेळ चपला काढू की नको करत होता.

"काकू, छेडछाडीचा तो रिपोर्ट मी लिहिला," तो म्हणाला. "खोटा लिहिला. सरांनी सांगितलं, केंद्र चुकलं असं लिहायचं नाही."

"मग आता काय, माफी मागायला आलायस?"

"तेही आहे. पण..." तो अडखळला. "मी ते डबडं कधी उघडून बघितलेलंच नाही. आम्हाला सील तोडायची परवानगी नाही. एक खराब झालेलं आणलंय. आत काय असतं ते दाखवाल का?"

राजेश्वरीच्या जिभेवर दहा उत्तरं आली. काकूंना ॲप शिकवणारे तुम्ही, इथपासून सुरुवात होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. पोरगं खरंच खाली बघत उभं होतं.

"इंजिनिअर हायेस ना?"

"इलेक्ट्रॉनिक्सचा."

"आन् कधी काही उघडलं न्हाईस?"

"कॉलेजात उघडायचो. आवडायचं. नोकरीत फक्त नारळ फोडतो आणि ॲप टाकून देतो."

तिनं शिलाई मशीनवरचे कपडे बाजूला सारले आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. सील त्यानंच तोडलं. आत प्लास्टिकची पळी, तिला चिकटवलेलं चिमुकलं चुंबक, समोर काचेचा एक बारीक स्विच आणि दोन वायरी. बास.

"एवढंच?" रविराज म्हणाला.

"एवढंच. यासाठी तुमी मंडप घातला."

तो हसला नाही. पळी काढून पुन्हा बसवून तो ती बोटानं कलंडवत, कान जवळ नेऊन टिक टिक ऐकत बसला. ती दोनदा चहा प्यायला बोलवून गेली, त्याला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ती चहा तिथंच घेऊन आली आणि कप टेबलाच्या कडेला ठेवताना म्हणाली, "डाव्या बाजूचा स्क्रू जास्त आवळलायस. पळी एकीकडं ओढतीय. सैल कर जरा. आन् तात्यांच्या घरी जाऊन ये नंतर, मी संगं येते."

रविराजनं मान डोलावली आणि स्क्रू सैल करायला घेतला.